मिनेसोटाच्या थंडीत बॉल पायथन: हीटर कुठला घ्यायचा आणि लपायला काय ठेवायचं?

मृणाल_मिनीॲपोलिस:
नमस्कार मंडळी. लेक बारा वर्षांचा आहे, किती दिवस मागे लागला होता, शेवटी बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर) आणलाय, पिल्लूच आहे अजून, दीडेक फुटाचं. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी सोबत काचेचा टँक, जाळीचं झाकण, प्लगवर गरम होणारा दगड, लाल बल्ब आणि लाकडाचा एक अर्धगोल ओंडका असं सगळं दिलं आणि म्हणाले एवढं पुरे. पण घरात हीटिंग ६८ फॅरनहाइटवर असतं आणि बाहेर तर विचारूच नका. साप दिवसभर पाण्याच्या भांड्यामागे अंग चोरून बसतो, ओंडक्यात जातच नाही, रात्री त्या दगडावर वेटोळं घालून तासन् तास हलत नाही. फ्रोझन उंदीर वितळवून दिला तर ढुंकूनही बघितलं नाही. सासूबाई म्हणतात त्याला थंडी वाजतेय, अजून एक बल्ब लाव. लेक रोज काळजीने विचारतो, मला सांगता येत नाही. दगड ठेवू का काढू? आणि लपायला नक्की काय द्यायचं?

कोलंबसकर:
मृणालताई, दगड आत्ता काढा, हे वाचून झालं की लगेच. टँकमधली हवा थंड आणि फक्त दगड गरम, मग साप दगड सोडणार कसा, आणि ते दगड सगळीकडे सारखे तापत नाहीत, मधेच एखादी जागा भयंकर गरम असते, आणि पोट भाजत असलं तरी साप तिथून उठत नाही हे पुन्हापुन्हा बघायला मिळतं. सासूबाईंचं निदान बरोबर आहे, थंडीच वाजतेय त्याला, फक्त उपाय दुसऱ्या बल्बचा नाही.

आधी आकडे, सगळे फॅरनहाइटमध्ये. गरम बाजूला, म्हणजे साप जिथे बसणार तिथे, ८८ ते ९२, थंड बाजूला ७६ ते ८०, आणि रात्रीसुद्धा ७५ च्या खाली नको. तुमचं घर ६८ वर म्हणजे टँकची हवा वेगळी तापवावीच लागणार. टँकखाली हीट मॅट लावतात ती काच तापवते, हवा तापवत नाही, त्यामुळे मिनेसोटात नुसत्या मॅटवर भागणार नाही. वरून सिरॅमिक हीटर लावा, त्याला उजेड नसतो म्हणून रात्रंदिवस चालतो. लाल बल्ब काढून टाका, सापाला लाल उजेड दिसत नाही असं दुकानात सांगतात पण दिसतो, आणि रात्री फिरणाऱ्या जनावराला रात्रभर दिवा कशाला.

आणि थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेलं तापमान आलं की हीटर आपोआप बंद करणाऱ्या उपकरणाशिवाय, एकही हीटर प्लगमध्ये घालू नका, मॅटला वेगळा, वरच्याला वेगळा. मॅटच्या थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, मॅट आणि काच यांच्यामध्ये पक्का चिकटवा. आत सोडला तर साप तो सरकवतो, त्यावर मुततो, पाणी सांडतं, प्रोबला वाटतं गार आहे आणि मॅट तापतच राहते. मॅट टँकच्या तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली, आणि टँकला खाली छोटे रबरी पाय लावा म्हणजे हवा खेळेल. नंतर आत तळाला पसरलेली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बाजूला करून थेट काचेचं तापमान इन्फ्रारेड गनने, म्हणजे न टेकवता मोजणाऱ्या थर्मामीटरने, बघा, कारण साप उकरत तिथपर्यंत जातोच. ते ९२ च्या वर जायला नको. काचेवर चिकटवायचे गोल काटेवाले थर्मामीटर भिंतीचं तापमान दाखवतात, त्यांच्यावर विसंबू नका.

आता लपायचं. माझ्या मते तुमचा खरा घोळ इथे आहे. हे साप घाना, टोगो, बेनिन त्या पट्ट्यातले, तिथे दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात पडून असतात, चहूबाजूंनी अंगाला माती लागलेली. तुमचा ओंडका दोन्हीकडून उघडा, त्यात त्याला सुरक्षित कसं वाटणार, म्हणून तो भांड्यामागे घुसतो. आणि गरम जागा उघड्यावर, आडोसा गार बाजूला, म्हणजे ऊब हवी तर लपता येत नाही आणि लपायचं तर कुडकुडत. अशी निवड सापाला कधीच करायला लागू नये. म्हणून दोन हाइड, म्हणजे लपायच्या बंद जागा, घ्या, अगदी एकसारख्या, एक गरम बाजूला एक गार बाजूला, एकच तोंड असलेल्या आणि एवढ्या घट्ट की वेटोळं घातल्यावर पाठ भिंतींना टेकली पाहिजे. महाग घ्यायची गरज नाही, अपारदर्शक प्लास्टिकचा डबा उपडा घालून भोक पाडा आणि कडा घासून गुळगुळीत करा. दगडाची किंवा मातीची जड हाइड असेल तर कोकोपीटवर नको, थेट काचेवर ठेवा, नाहीतर खालून उकरलं की ती सापावर बसते. मधल्या मोकळ्या जागेत प्लास्टिकची पानं, बुचाच्या सालीचे तुकडे भरपूर टाका, आणि टँकच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावा.

हे सगळं जमलं की आठवडाभर त्याला हात लावू नका, रोज उंदीर पुढे करू नका. मग एका संध्याकाळी उंदीर गरम पाण्यात धरून १०० फॅरनहाइटच्या आसपास कोमट करा, मायक्रोवेव्ह नको, आणि चिमट्याने हाइडच्या तोंडाशी धरा. लेकाला सांगा, नवीन जागेत पिल्लांनी आठवडा दोन आठवडे न खाणं अगदी नेहमीचं आहे.

स्वाती_हॅम्बुर्ग:
मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, थंडीत आमच्याकडे भाजलेले साप येतातच, म्हणून कोलंबसकरांच्या म्हणण्यात थोडी भर. सिरॅमिक हीटर खूप तापतो, प्लास्टिकचा होल्डर वितळतो, पोर्सिलेनचाच घ्या. हीटर टँकच्या आत बसवणार असाल तर त्याला जाळीचा पिंजरा हवाच, साप उबेसाठी त्यालाच विळखा घालतो. मृणाल, तो दगडावर बसत होता ना, मग आज त्याचं पोट नीट बघून घे. खवले गुलाबी लालसर, फोड, किंवा तपकिरी डाग असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे ने, भाजल्याच्या खुणा कधीकधी बऱ्याच दिवसांनी उमटतात. घरात काही लावू नकोस, हळद नाही, तूप नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही.

अजून एक, वरून हीटर लावला की हवा कोरडी पडते, त्यात तुमच्याकडचं हिवाळ्यातलं हीटिंग. आर्द्रता ६० ते ७० टक्के ठेव नाहीतर कात तुकड्यातुकड्यात निघते आणि डोळ्यांवर राहून जाते. जाळीच्या झाकणाचा बराचसा भाग फॉइलने झाक, फक्त हीटरच्या आजूबाजूला मोकळं सोड. तिसरा एक डबा ओल्या स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) ठेवलास तर कात टाकायच्या वेळी तो आपणहून तिथे जाऊन बसेल.

सह्याद्री_पुणे:
भारतातून वाचणाऱ्यांसाठी लिहितो कारण आत्ताच भाच्याने हे वाचून मलाही पाहिजे म्हटलं. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पकडून आणलेलं पिल्लू असलं तरी. बॉल पायथन परदेशी आहे पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसलेला साप कोणी देत असेल तर घेऊ नका.

मृणाल_मिनीॲपोलिस:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. दगड आणि लाल बल्ब काढलेत, पोट बघितलं, डाग नाहीत काही. दोन डबे लेकाने स्वतः कापून घासून बसवले आणि तासाभरात साप गरम बाजूच्या डब्यात गेला, फक्त नाकाचं टोक बाहेर. थर्मोस्टॅट उद्या येतायत तोवर हीटिंग ७६ वर केलंय. एकच विचारायचं राहिलं, आमच्याकडे हिमवादळात लाइट जाते, कधी रात्रभर, मग काय करायचं?

कोलंबसकर:
ताई, सगळ्यात आधी हीटरचे प्लग काढायचे. टँकवर ब्लँकेट टाकलेलं असताना पहाटे लाइट आली आणि हीटर आपोआप सुरू झाला तर आग लागेल. मग ब्लँकेट गुंडाळा, थोडी फट ठेवून. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून टँकला बाहेरून टेकवा, गार झाली की बदला, शेगडी गॅसची असेल तर पाणी तापवता येतंच. जास्तच वेळ गेला तर सापाला कापडी पिशवीत घालून तोंड बांधा आणि हवेला भोकं पाडलेल्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, गरम पाण्याची पिशवी त्याच्या अंगाला लागेल अशी नको. वादळाचा इशारा असेल त्या आठवड्यात उंदीर देऊ नका, पोटात खाणं असताना गार पडला तर पचत नाही, उलटून टाकतो, आणि पिल्लाला ते फार जड जातं. एक रात्र ७० पर्यंत उतरलं तरी निरोगी साप निभावून नेतो, लाइट आल्यावर हळूहळू गरम करा, एकदम नाही.