कामांची यादी: 'झालं' म्हणजे नक्की काय?

यादी करूनही डोक्यावरचं ओझं उतरत नाही, ही नेहमीची तक्रार. म्हणून हा धागा: प्रत्येकाने आपली युक्ती लिहा. कहाण्या नकोत. काय केल्यावर उपयोग होतो आणि कुठे फसतं, तेवढंच सांगा.

———

नुसतं नाम लिहू नका, क्रियापद लिहा. 'विमा' एवढंच लिहिलेली ओळ महिनाभर तशीच पडून राहते, कारण दर वेळी वाचताना 'विम्याचं काय करायचं होतं?' हा विचार पहिल्यापासून करावा लागतो. तीच ओळ 'पॉलिसीचा कागद शोधून मुदत संपायची तारीख कॅलेंडरमध्ये टाकणे, १५ मिनिटं' अशी लिहिली की काम लगेच हातात घेता येतं. एका बैठकीत न संपणाऱ्या कामाची फक्त पुढची पायरी लिहायची.

———

वरच्याला जोडून: याद्या दोन हव्यात. सुचेल ते सगळं एका वहीत. त्यातून रोज सकाळी वेगळ्या चिठ्ठीवर ३ मोठी आणि फार तर ४-५ किरकोळ कामं. वहीच समोर ठेवून दिवस काढला तर संध्याकाळी ४० ओळी उरलेल्या दिसतात आणि केलेलं सगळं मातीमोल वाटतं.

वेळेचा अंदाज हमखास कमी धरला जातो. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीवर लिहिलं होतं. उपाय असा, की मनातला आकडा सोडून मागच्या खेपेला तेच काम करायला खरंच किती वेळ लागला ते बघायचं. तशी नोंद नसेल तर अंदाजाची दीडपट धरा. आठ तासांच्या दिवसात पाचच तास भरा. उरलेले फोन आणि अचानक आलेली कामं खातातच.

तीनदा पुढे ढकललेलं काम चौथ्यांदा उतरवू नका. तुकडे करा, कुणाकडे सोपवा, नाहीतर सरळ काट मारा.

———

झोपेची तक्रार असेल तर यादी रात्री करा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांपैकी काहींनी झोपण्यापूर्वी ५ मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, बाकीच्यांनी उरकलेल्या कामांची. पहिल्या गटाला सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, पण कागद-पेनाखेरीज खर्च काय? मोबाइलवर मात्र करू नका, यादी राहते बाजूला.

———

अर्धा ताण कामाचा नसतोच, 'जरा बघून घे' या वाक्याचा असतो. काम घेतानाच विचारावं: कधीपर्यंत, कुणासाठी, कच्चं चालेल की पक्कंच हवं, आणि यासाठी मागे काय ठेवू? मग दोन ओळींत लिहून पाठवावं: 'शुक्रवारी दुपारी ३ पर्यंत कच्चा मसुदा देते, २ पानं, आकडे गेल्या तिमाहीचे. त्यासाठी मासिक अहवाल सोमवारवर नेते. चालेल ना?' शेवटचा प्रश्न गाळू नका. तो गाळला की दोन्ही कामं शुक्रवारचीच धरली जातात.

———

घरातही हेच. 'स्वयंपाकघर आवरणं' एकाच्या लेखी भांडी घासून संपतं, दुसऱ्याच्या लेखी ओटा पुसून, कचरा बाहेर ठेवल्यावर. कुठे संपतं ते एकदा बोलून ठरवा आणि फ्रिजवर चिकटवा. 'मदत कर' असं मोघम सांगू नका. अख्खं काम द्या, आणि दिल्यावर मागून पुन्हा ओटा पुसायला जाऊ नका.