दूरध्वनीची घंटी वाजली की ब्रॉडबँड तुटते: दोष घरातला की बाहेरच्या तारेतला?

उंबरठा (सदस्याचे टोपणनाव; प्रश्न)

नमस्कार. आमच्याकडे तांब्याच्या तारेवरचा दूरध्वनी असून त्याच जोडणीवर एडीएसएल ब्रॉडबँड चालते. पूर्वी साधारण ८ एमबीपीएस वेग सहज मिळत असे. अलीकडे तो दीड-दोनवर आला आहे आणि तेवढाही टिकत नाही. घंटी वाजली की मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकू लागतो, जोडणी तुटते आणि पुन्हा जुळायला काही मिनिटे जातात. रिसीव्हर उचलल्यावर सुरुवातीला खरखर ऐकू येते, पण बोलणे चालू राहिले की ती बरीच निवळते. पावसाळी हवेत हा त्रास वाढतो. ग्राहक-कक्षाकडून दर वेळी मोडेम बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्ला मिळतो. मोडेम बदलूनही पाहिला, पण फरक पडला नाही. दोष घरातल्या तारांत आहे की बाहेरच्या, हे माझे मला ठरवता येईल का? आणि घंटीचा इंटरनेटशी नेमका संबंध काय?

जोडकाम

संबंध आहे, आणि तो लक्षात आला की कुठे शोधायचे तेही कळते. एकाच तारजोडीवरून दोन प्रकारचे संदेश जातात. आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, तर एडीएसएल सुमारे २५ किलोहर्ट्झपासून पुढे सुरू होते आणि एडीएसएल२+ असेल तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचते. या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे काम स्प्लिटर किंवा फिल्टर करतो. फोन खाली ठेवलेला असताना तारेवर एक्सचेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो. घंटी वाजवायची असली की त्याच तारेवर ७५ ते ९० व्होल्टचा, २० ते २५ हर्ट्झचा प्रत्यावर्ती दाब सोडला जातो. घरातले एखादे उपकरण फिल्टरशिवाय जोडलेले असेल किंवा फिल्टरच खराब झाला असेल, तर अशा वेळी तारेवरचा भार एकदम बदलतो आणि मोडेमचा एक्सचेंजशी असलेला ताळमेळ सुटतो. जुना फॅक्स, नंबर दाखवणारी डबी किंवा धोक्याची घंटा यांतले काही फिल्टरशिवाय राहून गेले आहे का, ते आधी पाहावे.

त्यानंतरची चाचणी अशी. बाहेरून आलेली तार घरात ज्या डबीत प्रथम उघडते, ते मुख्य रोझेट शोधा. तिथून आतल्या खोल्यांकडे जाणाऱ्या सर्व तारा सोडवा आणि बाहेरून आलेल्या तारजोडीवर स्प्लिटर लावून फक्त मोडेम आणि एक साधा तारेचा फोन जोडा. कॉर्डलेस फोन या कामाचा नाही, कारण त्याची स्वतःची खरखर वेगळी असते. मग रिसीव्हर उचलून एखादा आकडा दाबा, म्हणजे डायल टोन थांबेल, आणि त्या शांततेत कान देऊन ऐका. घरातले सगळे तोडल्यानंतरही चरचर ऐकू आली, तर दोष बाहेर आहे असे धरायला हरकत नाही. तारा सोडवताना उघड्या तांब्याला बोट लावू नका. नेमकी तेव्हाच घंटी आली तर झटका चांगलाच जाणवतो. आकाशात विजा चमकत असतील तर डबी उघडूच नका.

अडगळ

वरील उत्तरात एका गोष्टीची भर घालतो. एखाद्या खोलीतला फोन काढून टाकला तरी भिंतीतली त्याची तार तशीच राहते. तिच्या मोकळ्या टोकावरून एडीएसएलच्या लहरी परत फिरतात आणि मूळ लहरींत मिसळून काही ठरावीक कंप्रता जवळजवळ पुसून टाकतात. आवाजावर याचा काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे त्या तारेकडे वर्षानुवर्षे कोणाचे लक्ष जात नाही. रोझेटपासून मोडेमपर्यंत लांबलचक चपटी तार असेल तर तीही काढावी. पीळ नसलेली तार आजूबाजूचा विद्युत गोंगाट ओढून घेते. मोडेम रोझेटजवळ ठेवावा आणि लांबी हवीच असेल तर ती इथरनेटच्या तारेने गाठावी.

मात्र बोलत राहिल्यावर खरखर निवळते, हे लक्षण फिल्टरच्या दोषात बसत नाही, असे मला वाटते.

उंबरठा

सांगितल्याप्रमाणे मुख्य रोझेटवर नवा स्प्लिटर लावून फक्त मोडेम आणि साधा फोन ठेवला. वेग अडीचपर्यंत गेला, म्हणजे आतल्या तारांचाही थोडा वाटा होता, परंतु घंटी वाजताच जोडणी तुटणे कायम आहे. आकडा दाबल्यानंतर बारीक चरचर ऐकू येते. मोडेमच्या माहिती-पानावर डाउनस्ट्रीम क्षीणन (एक्सचेंजकडून येणारा संदेश वाटेत किती क्षीण होतो ते) ३८ डेसिबल दिसते. एसएनआर मार्जिन (गोंगाट वाढला तरी जोडणी टिकावी म्हणून हाताशी असलेली राखीव सूट) एरवी ८ ते ९ असते आणि घंटीच्या वेळी १ च्याही खाली जाते. रिसीव्हर उचलताच सीआरसी चुकांचा (वाटेत बिघडून आलेल्या माहितीच्या तुकड्यांचा) आकडा भराभर वाढतो. एक विचित्र गोष्टही लक्षात आली: फोनवर लांबलचक संभाषण झाले की त्यानंतर काही तास इंटरनेट अजिबात कुरकुर करत नाही.

कळंक

ती विचित्र गोष्टच येथे सर्वांत बोलकी आहे. बाहेरच्या तारेत कुठेतरी एखादा सांधा गंजला असून त्याचा रोध वाढला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. फोन खाली ठेवलेला असताना तारेतून जवळजवळ प्रवाह वाहत नाही आणि सांध्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा तसाच राहतो. एडीएसएलचा संदेश इतका क्षीण असतो की त्याला हा पापुद्रा भेदता येत नाही. रिसीव्हर उचलला की काही दशक मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो, सुरुवातीला सांध्यात चरचर होते आणि मग पापुद्रा तेवढ्यापुरता फुटून संपर्क सुधारतो. हवेतल्या ओलाव्याने तो पुन्हा धरतो आणि मागचा त्रास परत येतो. घंटीचा मोठा दाब अशा सांध्याला अचानक हलवतो, म्हणून जोडणी नेमकी त्याच वेळी तुटते.

३८ डेसिबल क्षीणन म्हणजे ढोबळमानाने पावणेतीन किलोमीटरची तार, आणि एवढ्या अंतरावर पूर्वीचा ८ एमबीपीएस वेग अगदी योग्य होता. याचा अर्थ अंतर हे कारण नाही. तार पूर्वी जेवढे देत होती तेवढे आजही देऊ शकते.

तक्रार नोंदवताना ‘इंटरनेट मंद आहे’ असे सांगू नका, नाही तर पुन्हा मोडेम चालू-बंद करण्याचाच सल्ला मिळेल. ‘आवाजात खरखर आहे, आतल्या सर्व तारा सोडवूनही ती ऐकू येते’ असे सांगा, म्हणजे तार तपासणाऱ्या माणसाकडे काम जाईल. एक्सचेंजमधून केलेल्या स्वयंचलित चाचणीत ‘लाइन ठीक’ असे उत्तर आले तरी मागे हटू नका, कारण चाचणीचा दाब पडताच असा सांधा अनेकदा क्षणभर जुळतो. इंटरनेट चालू आहे म्हणजे तार धड आहे, हा युक्तिवादही मान्य करू नये. जोडीतली एक तार पूर्ण तुटली तर फोन मुका होतो, पण एडीएसएल मात्र रखडत का होईना चालू राहू शकते.

मध्यमलहरी

सांध्याचे निदान मला पटते, तरी एक शक्यता सहज वगळता येईल. बॅटरीवर चालणारा मध्यम लहरींचा रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या जागी लावून घरात फिरवा. हा पट्टा एडीएसएलच्या पट्ट्यात येतो, त्यामुळे एखादा सदोष चार्जर किंवा दिव्याचा अडॅप्टर गोंगाट करत असेल तर त्याच्याजवळ रेडिओची गुरगुर वाढते. मात्र त्याचा त्रास घंटी येवो न येवो, ते उपकरण चालू असेपर्यंत राहतो.

उंबरठा

रेडिओला कुठेही काही सापडले नाही. लाइनमन येऊन गेले. डीपीपर्यंत (बाहेरच्या वितरण-पेटीपर्यंत) तार स्वच्छ निघाली. दोष छपराखालच्या एका जुन्या सांध्यात होता. तिथे दोन तारांना नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळलेली होती. टेप सोलल्यावर आत हिरवा कळंक दिसला आणि एक टोक हात लावताच निसटले. तेवढा तुकडा कापून त्यांनी जेल भरलेल्या जोडणीने नवा सांधा केला. खरखर गेली आणि घंटी वाजली तरी दिवा स्थिर राहतो. पण वेग अजून साडेतीनच आहे, आणि मार्जिन मात्र १५ डेसिबल दाखवते. हे कसे?

जोडकाम

जोडणी वारंवार तुटत असल्यामुळे एक्सचेंजकडील यंत्रणेने स्थैर्यासाठी लक्ष्य-मार्जिन वाढवून ठेवले आहे आणि त्या बदल्यात वेग कमी केला आहे. तारेत आता दोष उरलेला नाही. मोडेम सतत चालू ठेवा आणि वेग वाढतो का हे पाहण्यासाठी तो बंद-चालू करू नका, कारण काही यंत्रणा त्यालाही जोडणी तुटणेच समजतात. काही दिवसांत मार्जिन आपोआप खाली आले नाही, तर ‘सांधा दुरुस्त झाला आहे, प्रोफाइल (वेग आणि मार्जिनची मांडणी) पूर्ववत करा’ अशी मागणी करा. मार्जिन ६ च्या आसपास येऊनही सीआरसी चुका वाढल्या नाहीत, तर आतल्या खोल्यांच्या तारा एकेक करून परत जोडायला घ्या, आणि दर तारेनंतर मोडेमच्या पानावरचे आकडे पाहा. अडीचपर्यंत वेग वाढला तो या तारा सोडवल्यामुळेच, तेव्हा त्यांतली एखादी कायमची सुटी ठेवावी लागेल, अशी माझी अपेक्षा आहे.