न्यायनिर्णयात विकिपीडियाचा आधार घ्यावा का?

तळटीप (धागाकर्ता):
न्हावा शेवा येथे आयात झालेल्या 'ऑल-इन-वन' संगणकांच्या वर्गीकरणाचा वाद जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. दहा किलोपर्यंत वजनाच्या 'पोर्टेबल' यंत्रांच्या शुल्कनोंदीत हे संगणक बसतात, असे सीमाशुल्क विभागाचे म्हणणे होते आणि आयातदारांना ते मान्य नव्हते. खालच्या अधिकाऱ्यांनी 'पोर्टेबल' शब्दाचा अर्थ लावताना विकिपीडियासारख्या स्रोतांवर बरीच भिस्त ठेवली होती. न्या. सूर्य कांत आणि न्या. विक्रम नाथ यांच्या पीठाने हे स्रोत म्हणजे ज्ञानाचे भांडार असल्याचे मान्य केले, तरी कोणालाही संपादन करता येणारा मजकूर पूर्णपणे विश्वासार्ह नसतो असे बजावले. निकालही आयातदारांच्या बाजूने लागला. मला हा इशारा सौम्य वाटतो. साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. सुनावणीच्या आदल्या रात्री कोणी अनामिकाने बदललेल्या परिच्छेदाची कशी घेणार?

जुनी फाईल:
असहमत. २०१० च्या वेलुसामी प्रकरणात 'विवाहासारखे नाते' म्हणजे काय हे सांगताना न्या. काटजू आणि न्या. ठाकूर यांच्या पीठाने विकिपीडियाचा उल्लेख उघडपणे केला. तो आवडो वा न आवडो, आधार कुठून आला हे आपल्याला कळले. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ५२ नुसार (जुन्या कायद्यातील कलम ५७) शास्त्र, कला, इतिहास अशा विषयांत न्यायालयाला योग्य संदर्भग्रंथ पाहता येतात, आणि विकिपीडिया 'योग्य' आहे की नाही हे लेखागणिक ठरेल. उल्लेखच निषिद्ध केला, तर न्यायाधीश वाचायचे थांबणार नाहीत, फक्त लिहायचे थांबतील. आयर्लंडमध्ये संशोधकांनी तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांवर कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून दीडशेहून अधिक लेख लिहून घेतले आणि त्यांतले निम्मेच विकिपीडियावर चढवले. ज्या निर्णयांवरचे लेख प्रसिद्ध झाले, त्यांचा पुढील निकालांतील उल्लेख वीस टक्क्यांहून अधिक वाढला.

पानउलट्या:
'इतिहास पहा' या कळीवर टिचकी मारली की कोणत्या दिवशी कोणते वाक्य बदलले ते दिसते. निकालात त्या तारखेच्या आवृत्तीचा दुवा दिला, तर आदल्या रात्रीची भीती बरीच कमी होते. एरवी छापील पुस्तकाचीही आवृत्ती आपण नोंदवतोच ना?

तळटीप:
आवृत्तीचा दुवा द्यावा, हे मान्य. मात्र आयर्लंडचा प्रयोग माझ्याच बाजूने बोलतो: विद्यार्थ्यांनी लिहिलेला एक लेख कोणता पूर्वनिर्णय पुढे येईल हे ठरवू लागला, तर उद्या तो लेख एखाद्या पक्षकाराचा वकीलही लिहील. शिवाय त्या पानावर '[संदर्भ हवा]' अशी खूण असेल, तर निकाल नेमका कशावर उभा राहिला? निदान ज्या पानाचा आधार घ्यायचा आहे, ते दोन्ही पक्षांना आधी दाखवून त्यांचे म्हणणे ऐकावे.

जुनी फाईल:
ही अट मला मंजूर आहे, फक्त ती शब्दकोशालाही लावा. 'पोर्टेबल'चा अर्थ पाहायला न्यायाधीश दालनात कोश उघडतात, तेव्हा दोन्ही बाजूंना ते पान आधी दाखवले गेल्याचे माझ्या वकिलीत तरी मी पाहिलेले नाही.