स्पेनमधील रोंदा : एवढी दरी असूनही गाव का पडले?

सह्यभ्रमर (धायरी) :
मालागा प्रांतातील रोंदा हे गाव समुद्रापासून आत, सुमारे 740 मीटर उंचीच्या पठारावर वसलेले असून ग्वादालेविन नदीने खोदलेली शंभर मीटरहून खोल दरी त्याचे दोन भाग करते. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या माझ्यासारख्याला प्रश्न पडतो, की असे कडे लाभलेले गाव 1485 मध्ये काही दिवसांच्या वेढ्यात कसे पडले? शिवाय दरीवरील तो प्रचंड पूल रोमन काळातील आहे का?

टाकेशोधक :
कड्यांकडे पाहण्याआधी पाण्याकडे पाहावे. आपल्या गडांवर बेसाल्ट कोरून काढलेली टाकी माथ्यावरच असतात. सिंहगडाचे देवटाके आपण पाहिलेच असेल. रोंदाचा कडा मात्र लाव्हाचा नव्हे, तर प्राचीन समुद्रात साचून घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांच्या थरांचा आहे. नदीने तो चिरत नेला आणि पाणी तळाशी गेले. ते वर आणण्यासाठी मुस्लिम राजवटीत खडकाच्या आतून थेट नदीपात्रापर्यंत उतरणारा जिना खोदण्यात आला आणि पखाली वाहण्याचे काम ख्रिस्ती कैद्यांच्या माथी आले. म्हणजे वेढ्यात गावाचा जीव त्या एका जिन्यावर टांगलेला होता. वेढा घालणाऱ्या ख्रिस्ती राजा फर्नांदोच्या सैन्याने एकीकडे तोफांनी तट फोडला, दुसरीकडे नदीकडील ही वाट तोडली आणि मे 1485 मध्ये गाव शरण आले. दरीने शत्रूला अडवले हे खरेच, पण तिनेच पाणीही लांब ठेवले. (आपल्याकडे गड बांधताना आधी पाणी पाहण्याची रीत होती, ती उगीच नव्हे.)

पूल रोमन नाही. त्याचे नावच ‘प्वेंते न्वेवो’, म्हणजे नवा पूल. रोमन अवशेष पाहायचे असतील तर जवळच्या आसिनिपो येथील नाट्यगृह पाहावे.

घाटमाथा :
वरील उत्तरात एक भर घालतो. रोंदाच्या पश्चिमेला ग्रासालेमाचे डोंगर आहेत. अटलांटिकवरून येणारे ढग तिथे अडतात, त्यामुळे तो भाग स्पेनमधील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांत गणला जातो, आणि पलीकडे असलेल्या रोंदाला बराच कमी पाऊस मिळतो. लोणावळा आणि पुणे यांच्यातील फरक जाणणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. फक्त तिथला पाऊस मुख्यतः हिवाळी असतो आणि उन्हाळा कोरडा जातो. मे महिन्यातील वेढा म्हणूनच अधिक जाचक ठरला असावा, असे माझे मत आहे.

सह्यभ्रमर :
आपणा दोघांचा आभारी आहे. पूल नवा, तर मग त्याआधी दरी कशी ओलांडत असत?

टाकेशोधक :
दरी जिथे उथळ होते, तिथे खाली जुने लहान पूल आहेत. खोल भागावर 1735 मध्ये घाईने एका कमानीचा पूल उभारला गेला, तो 1741 मध्ये कोसळला आणि सुमारे पन्नास माणसे दगावली. त्यानंतर 1751 मध्ये सुरू झालेले काम, शेवटी मार्तिन दे आल्देउएला या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली, 1793 मध्ये पूर्ण झाले. सध्याच्या पुलाची उंची 98 मीटर आहे. बेचाळीस वर्षे लागली खरी, पण तो अजून उभा आहे.