शब्दचर्चा : 'डिस्ट्रिब्यूशन' म्हणजे वितरण, हद्द की आणखी काही?

रेघोट्या :
यूजनेटबद्दल, म्हणजे संगणकांवरच्या चर्चागटांच्या जुन्या जाळ्याबद्दल, मराठीत टिपण लिहितोय. तिथल्या संदेशाच्या माथ्यावर 'न्यूजग्रुप्स'खेरीज (संदेश कोणत्या चर्चागटांत टाकलाय ते) 'डिस्ट्रिब्यूशन' अशीही एक ओळ असते. कोशात पाहून 'वितरण' लिहिलं, पण बसत नाहीये. 'वितरण : न्यू जर्सी' वाचून कुणालाही वाटेल की संदेश न्यू जर्सीला पाठवलाय. तसंच आहे का?

सांगाती :
वितरण नकोच. मधोमध बसून वाटप करणारा कुणीतरी डोळ्यांपुढे येतो. 'प्रसारक्षेत्र' कसं वाटतं?

जुनाजाणता :
आधी हे चालतं कसं ते पाहू. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना ही कल्पना सुचली, तेव्हापासून यूजनेटला केंद्र असं नाहीच. प्रत्येक सर्व्हर नवे संदेश आपल्या शेजाऱ्यांना देतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना. एकच संदेश दोन वाटांनी आला तर मेसेज-आयडी (प्रत्येक संदेशाची स्वतंत्र ओळखखूण) पाहून दुसरी प्रत नाकारायची. 'पाथ' ओळीत, म्हणजे संदेश ज्या सर्व्हरांतून आला त्यांच्या यादीत, ज्याचं नाव आधीच आहे, त्याला परत द्यायचा नाही. आणि शेजारी म्हणजे ज्याच्याशी फीड, म्हणजे संदेशांची देवघेव, ठरलंय तो, मग नकाशावर तो समुद्रापलीकडे का असेना.

या देवघेवीत डिस्ट्रिब्यूशनची ओळ फक्त अडवायचं काम करते. यूजनेटच्या संदेशांचा साचा सांगणाऱ्या आरएफसी १०३६ या दस्तऐवजात (डिसेंबर १९८७) न्यू जर्सीत विकायला काढलेल्या गाडीचं उदाहरण आहे. ग्रुप 'रेक.ऑटो' आणि 'मिस्क.फॉरसेल', डिस्ट्रिब्यूशन 'एनजे, एनवाय' (न्यू जर्सी, न्यू यॉर्क). शेजाऱ्याला हा संदेश द्यायचा तर त्याने दोन ग्रुपांपैकी एखादा घेत असलं पाहिजे, शिवाय 'एनजे' किंवा 'एनवाय'ही घेत असलं पाहिजे. दोन्ही अटी एकदम. ही ओळ प्रसार आवळण्यासाठी आहे, वाढवण्यासाठी नाही, हेही तिथे स्पष्ट केलंय.

तेव्हा कॅलिफोर्नियातल्या कुणी 'एनजे' लिहून संदेश टाकला तर तो न्यू जर्सीला जाईलच असं नाही. पहिल्याच शेजाऱ्याच्या यादीत 'एनजे' नसेल तर तिथेच थांबला. दिसायला पत्ता, पण काम नाक्याचं. आणि प्रत्येक नाक्यावरचा नियम त्या त्या सर्व्हरचालकाच्या हातात.

अमुकतमुक :
मग सरळ 'हद्द' म्हणा की. हद्द : न्यू जर्सी. दोन अक्षरांत काम.

जुनाजाणता :
छान आहे, पण हद्दीपलीकडे काही जाणारच नाही असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात गळती भरपूर. 'आयएनएन' या सर्व्हर-प्रणालीत 'न्यूजफीड्स' नावाची फाइल असते. तिच्यात प्रत्येक शेजाऱ्यापुढे ग्रुपांचे नमुने लिहायचे, मग तिरकी रेघ देऊन डिस्ट्रिब्यूशनची यादी. ही यादी ऐच्छिक. नाही लिहिली की 'एनजे' काय नि 'बीए' (म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया) काय, सगळं पुढे सरकतं. अशा एका ढिल्या दुव्यातून स्थानिक जाहिरात दुसऱ्या खंडात उगवते.

सांगाती :
म्हणजे ही लिहिणाऱ्याची इच्छा. पाळणं न पाळणं वाटेतल्यांवर. 'प्रसारमर्यादा' चालेल? मर्यादा पाळतात तशी ओलांडतातही. माझं प्रसारक्षेत्र मागे घेतलं.

अमुकतमुक :
+१. हद्दीचा हट्ट सोडला.

रेघोट्या :
प्रसारमर्यादा आवडला. पण मुळात एवढा खटाटोप कशासाठी? नको असलेला संदेश वाचणारा ओलांडून पुढे जाईलच की.

जुनाजाणता :
पैसा! सुरुवातीला बरेच सर्व्हर यूयूसीपी या युनिक्स यंत्रांमधल्या देवघेवीच्या पद्धतीने, टेलिफोनवरून एकमेकांना फोन लावून संदेश देत. लांबचा कॉल, मंद मोडेम, टीचभर डिस्क. वाचणाऱ्याने ओलांडला तरी वाहून आणल्याचा खर्च झालेला असायचाच. 'आरएन' या वाचकप्रणालीसोबतचा 'पीन्यूज' तर संदेश पाठवण्याआधी बजावायचा, की हा हजारो यंत्रांवर जाणार आहे आणि त्यापायी शेकडो, कदाचित हजारो डॉलर पडतील.

अवांतर : टिपणात 'प्रादेशिक' हा शब्द जपून वापरा. 'एनजे', 'यूके' (ब्रिटन), 'डीई' (जर्मन) अशा प्रादेशिक उतरंडीतले, म्हणजे नावाची सुरुवातच या आद्याक्षरांनी होणारे, ग्रुप वेगळे आणि ही ओळ वेगळी. तिथे ग्रुपच त्या प्रदेशाचा असतो. इथे ग्रुप साऱ्या जगाचा, आवळलेला असतो तो एकच संदेश. दोन्हीकडे तीच आद्याक्षरं असल्याने घोळ होतो.

रेघोट्या :
बरं झालं सांगितलंत, मी दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबलं होतं. मग 'डिस्ट्रिब्यूशन : वर्ल्ड' कसं लिहू? 'प्रसारमर्यादा : जग' विनोदी दिसतंय.

सांगाती :
'प्रसारमर्यादा : नाही' लिहा.

जुनाजाणता :
मुळातही ते जरा विनोदीच. ओळ नसली की अर्थ 'वर्ल्ड'च धरायचा, म्हणून तो मुद्दाम लिहू नये असं २००९ च्या आरएफसी ५५३६ मध्ये आहे. 'लोकल' मात्र कामाचा : संदेश आपल्याच ठिकाणच्या सर्व्हरांपुरता.

अमुकतमुक :
एक शंका. गळून आलेली ती गाडीची जाहिरात युरोपात कुणी वाचली आणि तिथेच उत्तर दिलं, तर?

जुनाजाणता :
उत्तरावर सहसा मूळचीच मर्यादा आपोआप उतरते. ती वाढवायची मुभा उत्तर देणाऱ्याला असते, पण तेवढं बघतो कोण? संदेश ज्या ढिल्या दुव्याने आला तो उलट्या दिशेनेही ढिला असेलच असं नाही. मग उत्तर त्याच्या सर्व्हरवर नीट दिसतं, तो वाट बघत राहतो आणि गाडीवाल्यापर्यंत ते पोचतच नाही. अशा वेळी थेट ईमेल बरी.