बी. एम. बोअर: नाव झाकलं, मग पायंडा कसला पाडला?

रानभूल: काउबॉयच्या गोष्टी म्हटलं की आपण पुरुष लेखकांचीच नावं घेतो. पण बी. एम. बोअर ही बाई होती. बर्था मझी बोअर, १८७१ चा जन्म अमेरिकेतल्या मिनेसोटातला, संसार तिथल्याच मोंटानातल्या गुराढोरांच्या मुलखात. पन्नासच्या वर कादंबऱ्या! १९०४ साली ‘चिप ऑफ द फ्लाइंग यू’ ही कादंबरी मासिकात आली, १९०६ साली चित्रकार चार्ल्स रसेलच्या चित्रांसह पुस्तक निघालं. वाचक तिला बाप्याच समजत राहिले. काही जण तिला काउबॉयकथांची आद्य लेखिका म्हणून मिरवतात, ते मला पटत नाही. आद्याक्षरांमागे दडलेल्या बाईमुळे मागून येणाऱ्यांना काय फायदा?

तिरपागडे: साफ असहमत. पदरात तीन मुलं, पहिला संसार मोडकळीला आलेला. लिखाणाच्या पैशांवर ती स्वतःच्या पायावर उभी राहिली. तिने आधी झेंडा हाती घ्यायला हवा होता, हे आपण आरामखुर्चीतून सांगणार?

रानभूल: सुरुवातीचं मान्य. पण बस्तान बसल्यावर? पुढे दोन लग्नं झाली, तरी पुस्तकावर शेवटपर्यंत पहिल्या नवऱ्याचंच आडनाव.

तिरपागडे: अहो, ज्या नावावर पुस्तकं खपतात ते कोण बदलेल?

जुनी_जिल्द: दोघंही नावावरच अडलात, गोष्ट कुणी वाचलीय का? ‘चिप’मध्ये काउबॉय चित्र काढतो आणि लोक श्रेय देतात डॉक्टरीणबाईला! इकडे लेखिका बाई, तिकडे वाचकांच्या मते लेखक पुरुष. तिला ही गंमत कळत नसेल असं मला तरी वाटत नाही. शिवाय १९०४ साली काउबॉयच्या गोष्टीत नायिका डॉक्टर आहे, हे विसरू नका.

रानभूल: चित्राचा मुद्दा भारी आहे, पण शेवट लग्नातच ना? डॉक्टरकी राहिली बाजूला.

जुनी_जिल्द: मग १९१२ चं ‘लोनसम लँड’ घ्या. अमेरिकेच्या पूर्वेकडची मुलगी लग्नासाठी मोंटानात येते आणि नवरा निघतो दारुडा. ते रुक्ष माळरान, तो एकटेपणा बोअरबाईंनी जवळून पाहिलेला. माझ्या मते त्यांचं खरं पुस्तक हेच; ‘चिप’ त्यापुढे हलकंफुलकं. हक्क संपलेत, नेटवर फुकट मिळतं. वाचा, मग भांडू.