‘मूल्यांकन’ की ‘पाहणी’?

प्रश्न : भोसरीतील एका जुन्या कारखान्याच्या जागेचा व्यवहार चालू असून, खरेदीदार कंपनी अमेरिकी असल्याने तिने ‘एन्व्हायर्न्मेंटल साइट असेसमेंट’चा अहवाल मागितला आहे. मराठी सारांशात मी ‘पर्यावरणीय स्थळ-मूल्यांकन’ असे लिहिले, तेव्हा जागामालकांनी ‘मूल्यांकन बँकेच्या व्हॅल्युअरने मागेच केले आहे’ असे कळवले. योग्य शब्द कोणता?

उत्तर : मालकांचे काही चुकले नाही. जमिनीच्या व्यवहारात ‘मूल्य’ म्हटले की रेडी रेकनरच आठवणार. ‘पर्यावरण आघात मूल्यमापन’ हा शब्दप्रयोग तर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेखालील अभ्यासासाठी, म्हणजे होऊ घातलेल्या प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल हे पाहण्यासाठी, आधीच रूढ आहे. येथे नजर मागे आहे : त्या जागेवर पूर्वी जे उद्योग चालले, त्यांचे मातीत आणि भूजलात काय उरले? अमेरिकेत १९८० च्या कायद्यानुसार जुन्या प्रदूषणाच्या सफाईचा खर्च सध्याच्या मालकावरही पडू शकतो, म्हणून ही चौकशी खरेदीआधी होते. पहिल्या टप्प्यात जुने नकाशे, शासकीय नोंदी, जागेवरची फेरी आणि माहितगारांशी बोलणे एवढेच असते; मातीचे नमुने घेण्याची वेळ, संशय आल्यास, दुसऱ्या टप्प्यात येते. म्हणून पहिल्यास ‘प्रदूषण-पाहणी’ आणि दुसऱ्यास ‘प्रदूषण-तपासणी’ म्हणावे. ‘माती परीक्षण’ मात्र नको. त्यात शेतकऱ्याला नत्र-स्फुरद-पालाश दिसते आणि बिल्डरला इमारतीचा पाया.

प्रश्नकर्ता : आणि अशा अहवालातच येणाऱ्या ‘रेकग्नाइज्ड एन्व्हायर्न्मेंटल कंडिशन’ला काय म्हणावे? एका मसुद्यात ‘मान्यताप्राप्त पर्यावरणीय स्थिती’ असे वाचले.

उत्तर : हे तर घातक आहे! वाचणाऱ्याला वाटेल की शासनाने शिक्का मारून जागा शुद्ध ठरवली, आणि मुळात अर्थ असा की घातक द्रव्य किंवा इंधन जमिनीत मुरले आहे, मुरल्याचा संभव आहे अथवा मुरण्याचा धोका आहे. ‘आढळलेला प्रदूषणदोष’ म्हणावे, असे सुचवतो.

आणखी एक मत : मी मालमत्तेच्या कागदपत्रांचे काम करतो. ‘दोष’ऐवजी ‘प्रदूषणाचा बोजा’ म्हटले, तर पक्षकाराला गांभीर्य लगेच कळेल.

उत्तर : कळेल खरे, परंतु बोजा म्हटला की तो सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त शोधला जाईल आणि तेथे नोंद नाही म्हणून जागा निर्वेध समजली जाईल. शिवाय बोजा कर्ज फेडून उतरवता येतो. पहिल्या टप्प्यात तर पुष्कळदा नुसता संभवच नोंदवलेला असतो, त्यामुळे ‘आढळलेला’ हे विशेषणही थोडे पुढचे होते. ‘संभाव्य अथवा आढळलेला प्रदूषणदोष’ असे लांबलचक लिहिणे मी पत्करेन.